अदिस अबाबातली चौकशी

आमच्याकडं मुलगी द्यायची म्हटलं की आधी चौकशी करतात. चौकशी म्हणजे पाव्हण्यांच्या ओसरीवर बसून पोहे खाणं नव्हे, ते फार नंतरचं. खरी चौकशी गुपचूप होते. मुलाच्या गावात एस.टी.नं उतरायचं, आपण कोण, कुठले, याचा पत्ता लागू द्यायचा नाही. मुलगा घरी नसेल अशी वेळ साधायची. पिठाच्या गिरणीत उगाच उभं राहायचं, न्हाव्याकडं दाढी करून घ्यायची, आणि तहान लागल्याचं सोंग आणून शेजारच्या घरी पाणी मागायचं. पाणी दिलं की माणूस दोन शब्द बोलतोच. त्या दोन शब्दांत घराण्याची सगळी कुंडली कळते.

या कामात माझा हात धरणारा आमच्या आळे गावाच्या आसपास कुणी नव्हता. भावकीतल्या कितीतरी पोरींची स्थळं मी अशी पारखली होती. एका ठिकाणी तर गिरणीवाल्यानं मला धान्याचा व्यापारी समजून चहा पाजला आणि चहा संपायच्या आत नवरदेव दारू पितो हेही सांगून टाकलं. त्यामुळे माझ्या स्वतःच्या एकुलत्या एका मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा चौकशीचं मला काही वाटायला नको होतं. पण मुलगा होता आफ्रिकेत. इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा, तिथल्या एका गुलाबाच्या कंपनीत. घर आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या पुढं. घराची चौकशी मी एका सकाळीच उरकली. माणसं चांगली, शेती बागायती, गोठ्यात जनावरं धष्टपुष्ट. पण ज्याला मुलगी द्यायची तो माणूसच तिकडं, समुद्रापलीकडं.

दोन हजारच्या पुढची ती वर्षं. आमच्या भागात फुलांची पॉलीहाऊसं उभी राहिली होती, मीही जरबेरा लावला होता. गुलाबाचं काम शिकलेली आपल्या जिल्ह्यातली पोरं केनिया-इथिओपियात मॅनेजर म्हणून जायला लागली होती. 'मुलगा आफ्रिकेत' म्हटलं की लग्नाच्या बाजारात त्याचा भाव वाढायचा. शेतकऱ्याला मुलगी द्यायची नाही, असं आम्ही सगळे शेतकरीच तेव्हा म्हणायला लागलो होतो. मी तर चारचौघांत ठणकावून म्हणायचो.

माझी मुलगी लहानपणापासून भटकी. नव्वदच्या सुमारास, ती सात-आठ वर्षांची असेल, आळेफाट्यावर माझा हात सोडून गायब झाली. मी वेड्यासारखा सगळ्या टपऱ्या पालथ्या घातल्या. सापडली ती नाशिकच्या गाडीत, खिडकीपाशी बसलेली. कुठं निघालीस म्हटलं, तर म्हणाली, "ही गाडी कुठं जाती ते बघायचं व्हतं." मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच रडलो. पुढं ती बी.एस्सी. झाली. पुण्यातला फ्लॅटवाला तिनं नाकारला, जुन्नरचा मास्तर नाकारला. आमची मंडळी, म्हणजे तिची आई, चिडून म्हणायची, "हिला काय राजपुत्र पाहिजे का?" आणि या आफ्रिकेवाल्याचा फोटो तिनं नीट पाहिलाही नाही, लगेच म्हणाली, "मला चालंल." मग कॉलेजच्या लायब्ररीतून जाडजूड पुस्तकं आणून वाचत बसली. त्या शहरात किती उंचावर वस्ती आहे, तिथं म्युझियममध्ये लाखो वर्षांपूर्वीच्या बाईची हाडं ठेवलीत, असलं काहीबाही जेवताना सांगायची.

मला झोप येईना. मंचर, नारायणगाव, फार तर पुणं, इथवर माझी तयारी होती. तिकडं दूर पोर आजारी पडली, मारहाण झाली, तर धावून कोण जाणार? मी मनातून त्या स्थळावर खार खाऊन होतो. तेवढ्यात रोपं पुरवणाऱ्या कंपनीनं आम्हा पॉलीहाऊसवाल्यांची इथिओपियाची सहल काढली. देवानंच दार उघडलं म्हणायचं. निघताना मुलगी म्हणाली, "दादा, तुमी नीट बघून या. तुमी हो म्हणालात तर हो, न्हाई म्हणालात तर न्हाई." एवढा भरवसा तिनं याआधी कधी टाकला नव्हता. त्या भरवशाचं ओझं घेऊन मी विमानात बसलो.

पहिल्याच संध्याकाळी मुलगा हॉटेलवर भेटायला आला. सडपातळ, सावळा, खाली बघून बोलणारा. विमानतळावर युरोपला जाणारी फुलं चढवायचं काम त्याच्याकडं, ते रात्रीचं, त्यामुळे दिवसा झोपायचा. होणाऱ्या सासऱ्याला आमच्याकडं मामा म्हणतात. "मामा, शेवटच्या दिवशी मी सुट्टी काढतो, तुमाला गाव दाखवतो," तो म्हणाला. मी म्हणालो, "तुमी झोपा निवांत. मी माझा फिरतो." त्याला वाटलं, मामा किती समजूतदार. मी मात्र त्याच्याकडून बोलता बोलता त्याच्या गल्लीचा ठावठिकाणा काढून घेतला होता.

चार दिवस गुलाबाची शेतं बघून झाली. शेवटच्या दिवशी बाकीचे बाजारात गेले आणि मी हॉटेलातून पायी फिरण्याचा नकाशा मागून घेतला. त्यावर ठिपक्या-ठिपक्यांची वाट आखलेली होती आणि बघण्याच्या ठिकाणांना आकडे दिले होते. वाटाड्या नको, गाडी नको, आपली आपण वाट धरायची. मुलाची गल्ली त्या वाटेच्या शेवटाला, डोंगराच्या पायथ्याशी होती. म्हटलं, झकास. दिवसा मुलगा झोपलेला, म्हणजे घरी नसल्यासारखाच. परदेशी पाहुणा फिरतोय, कुणाला संशय यायचं कारण नाही.

पहिलं ठिकाण एक आठकोनी चर्च. पांढऱ्या शाली गुंडाळलेल्या बाया आत न जाता बाहेरच भिंतीला कपाळ टेकवत होत्या, पुटपुटत होत्या. त्या काय मागत असतील ते मला न सांगता कळत होतं. मीही चप्पल काढून लांबूनच हात जोडले. पुढं उतार, मग पुन्हा चढ. लेण्याद्रीच्या पायऱ्या न थांबता चढणारा मी, पण तिथं शंभर पावलांत धाप लागली. हवाच विरळ. रस्त्यावर निळ्या-पांढऱ्या गाड्या, आपल्या वडापच्या जीपसारख्याच कोंबलेल्या, आणि दारात लटकलेला माणूस गावाचं नाव ओरडतोय. भाषा कळत नव्हती, पण ओरडण्याची चाल हुबेहूब आळेफाट्याची. माणसं उंच, शिडशिडीत, नाकीडोळी नीटस. मी रस्ता विचारला की हात धरून पार कोपऱ्यापर्यंत आणून सोडायची. मी खोट काढायला निघालो होतो आणि ते शहर मला खोट सापडू देईना, याचा मला राग यायला लागला.

म्युझियम लागलं. मुलीनं सांगितलं होतं म्हणून आत गेलो. तळघरात काचेच्या पेटीत ती लाखो वर्षांपूर्वीची बाई. केवढी, तर चौथीतल्या पोरीएवढी! चार हाडं, तीही तपकिरी पडलेली. बघायला आलेल्या शाळेच्या मुली पेटीशी आपली उंची मापत होत्या. मी बराच वेळ तिथंच उभा राहिलो. माझी पोर इथं आली असती तर कशी उभी राहिली असती, तोंड कसं उघडं टाकलं असतं, हे मला इतकं स्पष्ट दिसलं की डोळ्यांत पाणी आलं. मग स्वतःवरच चिडून बाहेर पडलो.

पुढं चढ फार अवघड होता. डोंगरावरून बाया निलगिरीच्या फाट्यांचे भारे पाठीवर घेऊन वाकून उतरत होत्या. भारा एवढा मोठा की बाई दिसायची नाही, नुसते पाय दिसायचे. नकाशावरची ठिपक्यांची वाट उजवीकडं वळली आणि मी तिला सोडून डाव्या गल्लीत शिरलो. शिरताच सटासट शिंका. लाल मिरची! नाकानंच मला गिरणीपाशी नेलं. तिथं मिरची कांडत होते आणि शेजारी पीठ दळत होते, बाया डबे-पिशव्या घेऊन ओळीत बसलेल्या, भिंती पिठानं पांढऱ्या. परमुलुखात मला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

ओळीत एक म्हातारा होता, अंगात जुना पण इस्त्री केलेला कोट. मला बघून इंग्रजीत म्हणाला, "भारतीय? मला गणित शिकवायला भारतीय मास्तर होते. फार मारायचे." मी म्हणालो, आम्हालाही तेच होते. तो खूश झाला. मी ठरल्याप्रमाणे तहान लागल्याचं सांगितलं. पण त्या गावात पाणी मागितलं की पाण्यावर सुटका होत नाही. त्यानं पीठ घेतलं आणि मला गल्लीतल्या आपल्या घरी नेलं. त्याच्या बायकोनं जमिनीवर हिरवं गवत पसरलं, शेगडी पेटवली, कच्च्या कॉफीच्या बिया भाजायला घेतल्या. मी घाईत होतो, पण तिनं धूर माझ्या नाकाशी आणला तेव्हा निमूट बसलो. पहिला कप संपवून उठायला लागलो तर म्हाताऱ्यानं खांदा दाबून पुन्हा बसवलं. कॉफी तीनदा होते म्हणे, मधेच उठणं म्हणजे घराचा अपमान.

आता मी अगदी सहज आवाज काढून विचारलं, "इथं जवळ कुणी भारतीय मुलगा राहतो का?"

नवराबायकोंनी एकमेकांकडं पाहिलं. म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "म्हणजे तुम्ही आलात. उशीर केलात फार. तुम्ही त्याचे वडील ना? त्याला न्यायला आलात ना?"

चौकशीचा पहिला नियम, आपण कोण ते सांगायचं नाही. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. कॉफी पीत राहिलो. म्हातारा बोलत गेला. मुलगा समोरच्याच खोलीत राहतो. गुणाचा आहे. त्याच गिरणीत गहू दळून आणतो, स्वतः चपात्या लाटतो, यांनाही देतो. पण मन नाही त्याचं इथं. पावसाळा लागला की दारात बसून नुसता बघत राहतो. खोलीतली कॉट आणि कुकर त्यानं म्हातारीला कधीचा देऊ केलाय, लग्न ठरलं की मी निघालो, असं म्हणतो. वडिलांनी बजावलंय, लग्न होईस्तोवर परत फिरायचं नाही. परत येऊन शेती करायला लागलास तर मुलगी कोण देणार?

"इथं राहिला तरच लग्न ठरणार, आणि लग्न ठरलं की इथून जाणार," म्हातारा म्हणाला. "हे गणित आमच्या मास्तरांनी शिकवलं नव्हतं. तुम्ही वडील, तुम्हीच सांगा."

मी दुसऱ्या कपासाठी हात पुढं केला. मग त्याची बायको काहीतरी म्हणाली आणि त्यानं ते इंग्रजीत सांगितलं, "ती विचारतेय, मुलगी कशी आहे? तुम्ही पाहिली असेल."

माझ्याच मुलीबद्दल मला परक्यासारखं सांगायचं होतं. मी म्हणालो, चांगली आहे. शिकलेली आहे. जरा हट्टी आहे. म्हातारी हसली आणि म्हणाली, तिला हे परत जायचं ठाऊक आहे ना? मी मान हलवली, कशी हलवली ते माझं मलाच कळलं नाही.

तिसरा कप संपला तेव्हा म्हातारा उठला आणि मला काही कळायच्या आत समोरच्या दारावर थापा मारून ओरडला, तुझे वडील आलेत! आतून धावत आल्याचा आवाज आला. दार उघडलं. मुलगा बनियनवर, डोळे झोपेनं सुजलेले, आणि तोंडावर असा आनंद की मी जन्मात कुणाच्या तोंडावर पाहिला नव्हता. माझ्यावर नजर पडली आणि तो आनंद विझला. त्यानं दाराची चौकट धरली. "मामा, तुमी?" एवढंच म्हणाला.

आत कॉटवर मला बसवून तो जमिनीवर बसला. लपवाछपवी त्याला जमणारी नव्हती. "मामा, मला हितं ऱ्हायचं न्हाई. काम वाईट न्हाई, मानसं बी चांगली हायेत. पर माझा जीव रमत न्हाई. मला आपली शेती करायचीय. बा म्हणतो, लगीन झाल्याबिगर घरी यायचं न्हाई."

"आणि हे आमाला कधी सांगणार व्हतात?" मी आवाज चढवला.

त्यानं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. "मामा, मी गावात शेती करत असतो, तर तुमी पोरगी दिली असती का?"

मी ज्या चारचौघांत ठणकावून बोलायचो ते सगळे त्या खोलीत येऊन बसल्यासारखं झालं. त्यानं चहा केला, आपला, आलं घालून. मी प्यायलो. निघताना तो म्हणाला, "मी लई सांभाळून ठेवीन त्यांना. तुमच्यापासून तासाभरावर असतील." त्याला ठाऊक नव्हतं की नेमकं तेच माझ्या मनात घोळत होतं.

परतीच्या सगळ्या प्रवासात मी स्वतःशी भांडत होतो. मुलगा निर्व्यसनी, कामसू, मनाचा मऊ. पोर आफ्रिकेत जाणार नाही, मंचरपाशी राहील. सणावाराला येईल. मी फक्त गप्प बसायचं होतं, बाकी सगळं आपोआप मला हवं तसं घडणार होतं. "मुलगा चांगला आहे" एवढंच म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. एवढा सोपा मोह मला आयुष्यात कधी पडला नव्हता.

घरी पोचलो. पाय धुतले नाहीत तोवर मुलीनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, "दादा, गाव कसं हाये?"

मुलगा कसा आहे, असं तिनं विचारलं नाही. मी सांगायला लागलो. भिंतीला कपाळ टेकणाऱ्या बाया, धाप लावणारा चढ, निलगिरीचा वास, काचेतली ती बाई, गवतावर बसून प्यायलेली कॉफी. ती पायरीवर बसून ऐकत होती. मधेमधे विचारत होती, त्या चर्चपासून म्युझियम चालत किती लांब, बाया एकट्या फिरतात का, रस्ता चुकला की कुणी सांगतं का. मी सांगत गेलो आणि सांगता सांगता मला उमगलं. या पोरीला नवरा नको होता, तिला ते गाव पाहिजे होतं, आणि त्या गावाला जायची दुसरी गाडी आम्ही तिच्यासाठी ठेवलीच नव्हती.

मग मी सगळं सांगितलं. मुलगा लग्न झालं की परत येणार, कायमचा. आमची मंडळी आतून धावत आली. "अहो, मग तर सोन्याहून पिवळं! पोर डोळ्यासमोर राहील." तिनं देवापुढं साखरसुद्धा ठेवली.

मुलीनं रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "दादा, तुमी तिकडं एकटेच फिरलात?"

"हो."

"भाषा येत नव्हती, वळखीचं कुणी नव्हतं, तरी फिरलात. मानसं भेटली, परत आलात. तुमाला तिकडं जायला कुणाच्या मागनं जावं लागलं न्हाई. मग मलाच नवरा कशाला लागतो?"

मंडळी तिच्यावर ओरडली. मला भीती वाटत होती, आणि ही भीती आता मुलगी सासरी जाऊन मिटणारी नव्हती. तिनं मला आठवण करून दिली, "तुमी न्हाई म्हणालात तर न्हाई, असं ठरलं व्हतं." मी म्हणालो, "न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी मंचरला फोन लावला. मुलाच्या वडिलांनीच उचलला. माझा आवाज ऐकताच त्यांनी आनंदानं विचारलं, "बोला पावणं, कसं वाटलं आमचं पोरगं?"

"लई चांगलं हाये," मी म्हणालो. "पर आमचं जमणार न्हाई."

मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "काय खोट निघाली का?"

"काहीच न्हाई. त्याला घरी बोलवून घ्या, राव."

"कसं बोलवू?" ते म्हणाले. "शेतीवर बसवला तर तुमी तरी दिली असती का?"

एकाच प्रश्नाचं उत्तर मला बापाला आणि लेकाला, दोघांनाही देता आलं नव्हतं. आम्ही दोघंही फोन धरून उभे राहिलो. कुणी आधी ठेवायचा ते कळेना. तिकडं तो पोरगा पुढचं स्थळ येईपर्यंत विमानात गुलाब चढवत राहणार, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.